मुलांच्या स्कोलिओसिस शस्त्रक्रियेत रक्त कसे वाचवायचे

स्कोलिओसिस म्हणजे बाजूला वाकलेला कणा. तो सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत रक्त वाचवण्याची तयारी तारीख ठरते त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. ४० किलोचे मूल धरा. किलोमागे ७० मिली म्हणजे अंगात २,८०० मिली रक्त. हिमोग्लोबिन १३ असेल आणि ८ पर्यंत उतरू द्यायचे ठरवले, तर २,८०० × (१३ − ८) ÷ १३, म्हणजे सुमारे १,०७५ मिली रक्तस्राव सोसता येतो. तेच मूल १०.५ वर टेबलावर आले तर जेमतेम ६६५. म्हणून चार ते सहा आठवडे आधी हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासा आणि लोहाची कमतरता भरून काढा. तोंडाने झेपत नसेल किंवा दिवस कमी असतील तर शिरेतून द्या.

सेरेब्रल पाल्सी किंवा डुशेन (स्नायू क्षीण होत जाण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांचे रक्त जास्त जाते, तेव्हा रक्ताची सोय त्या हिशेबाने करा. व्हॅल्प्रोएट हे फिट्सचे औषध चालू असेल तर पीटी (रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका; प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) हेही पाहा. ते औषध मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

पालथे झोपवल्यावर पोट पूर्ण मोकळे लोंबते का, हे हात घालून पाहा. पोट दाबले की महाशिरेवर दाब येतो, रक्त कण्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांत तुंबते आणि जखम सतत पाझरत राहते. वाकडी छाती व ओटीपोट असलेल्या मुलात पॅड सरकतात, तेव्हा ड्रेपिंगआधी (निर्जंतुक कापड घालण्याआधी) पुन्हा बघा. अंग ३६ अंशांच्या वर ठेवा; गारठलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध चीर देण्याआधीच द्या. किलोमागे ३० मिग्रॅ १५ मिनिटांत, मग टाके पडेपर्यंत तासाला किलोमागे १० मिग्रॅ, अशी एक रूढ पद्धत आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवा. फिट्स येत असतील तर भूलतज्ज्ञांनी आधी नीट विचार करावा.

स्नायू हाडालगतच्या आवरणाखालूनच सोडवा आणि काम झालेला भाग गॉझने भरून ठेवा. हाडाचा पृष्ठभाग खरवडण्याचे काम शेवटी ठेवा, कारण तिथला स्राव कॉटरीने (विजेच्या उष्णतेने डागून) थांबत नाही. कणा उघडताना सरासरी रक्तदाब ६०–६५ चालतो, पण सरळ करताना तो ७०च्या वर न्या. रक्त कमी आणि दाबही कमी, ही जोडी मज्जारज्जूला घातक ठरते. मोटर सिग्नल (मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणारे, शस्त्रक्रियेत सतत मोजले जाणारे संदेश) पडले तर दाब आणि हिमोग्लोबिन लगेच पाहा.

मोजमाप अंदाजाने नको. ओल्या गॉझच्या वजनातून कोरड्याचे वजा करा, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. सक्शनमधून धुण्याचे पाणी वगळा. सेल सेव्हर (सांडलेले रक्त गोळा करून धुणारे यंत्र) फक्त लाल पेशी परत देतो, प्लेटलेट आणि गोठवणारे घटक धुऊन जातात. म्हणून स्राव वाढला की फायब्रिनोजेन तपासा; १५० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली असेल तर क्रायो (फायब्रिनोजेन असलेला रक्तघटक) द्या, आयनीकृत कॅल्शियमही सांभाळा. मूल स्थिर असेल तर रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन ७ होईपर्यंत थांबता येते, पण स्राव चालूच असेल तर आकड्याची वाट पाहू नका.

हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशीही घसरते. सकाळी पुन्हा तपासा आणि ड्रेन (जखमेतील स्राव बाहेर काढणारी नळी) असेल तर त्यातला स्रावही मोजा.