युनिक्सवर डेटा ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर टाकताय? या चुका टाळा

रूट (सर्नचं डेटा ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर, ॲडमिनवाला रूट युजर नव्हे), आर, ऑक्टेव्ह, पायथनच्या सायन्सवाल्या लायब्ररी, लिनक्सवर किंवा मॅकवर काहीही टाकायला घ्या, सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकच गोष्ट दोन-तीन मार्गांनी टाकल्यामुळे. आधी ॲप्टने (डेबियन-उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) टाकलं, व्हर्जन जुनं निघालं, मग कोंडाने (सिस्टिमपासून वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅकेजेस टाकणारा मॅनेजर) टाकलं, तरी काहीतरी चालेना म्हणून सोर्सवरून बिल्ड केलं, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल केला, आणि आता कमांड दिली की यातलं नेमकं कुठलं सुरू होतंय तेच कळत नाही. अशा वेळी टाइप कमांडला -ए देऊन बघा, पाथमधल्या (शेल ज्या फोल्डरांत कमांड शोधतं ती यादी) सगळ्या कॉप्या एकाखाली एक दिसतील. एकच ठेवा, बाकीच्या काढून टाका.

डाउनलोड करतानाची चूक म्हणजे दिसली ती फाइल उचलणे. तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली फाइल) ठराविक डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा प्रकार) आणि ठराविक प्रोसेसरसाठी बनवलेली असते. यूनेम -एम ने आधी प्रोसेसर बघून घ्या. 'एक्झेक फॉरमॅट एरर' आली तर बहुतेक प्रोसेसरच चुकलाय, आणि जीलिबसीचं (लिनक्सवरचे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती सी लायब्ररी) अमुक व्हर्जन सापडलं नाही असं म्हणत असेल तर ती फाइल तुमच्यापेक्षा नव्या सिस्टिमवर बनलीये. म्हणून जीलिबसी हाताने अपग्रेड करायला अजिबात जाऊ नका, अख्खी सिस्टिम बसेल. तुमच्या सिस्टिमची बायनरी शोधा, नाहीतर कोंडा वापरा.

सोर्सवरून बिल्ड करणार असाल तर सगळे शेवटची ओळ वाचतात, 'मेक: एरर २', आणि तीच सर्च करत बसतात. त्यात काही नसतं हो. वर स्क्रोल करा आणि पहिली एरर शोधा, तिथे लिहिलेलं असेल की, उदाहरणार्थ, एक्सलिब डॉट एच ही हेडर फाइल सापडली नाही. पण लायब्ररी तर आहे ना? आहे, पण हेडर फाइल वेगळ्या पॅकेजात येतात, डेबियन-उबुंटूवर नावाच्या शेवटी -डेव्ह आणि फेडोरावर -डेव्हेल असलेल्या. आरचं पॅकेज 'नॉन-झिरो एक्झिट स्टेटस' देऊन पडतं तेव्हाही बऱ्याचदा हेच कारण असतं. आणि बिल्डची तयारी करणारं सीमेक वापरत असाल तर पायथन बदलल्यावर बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून नव्याने सुरू करा, जुना पाथ कॅशमध्ये तसाच राहतो.

मेक (बिल्ड चालवणारी कमांड) एकाच वेळी अनेक कामं करत चालवायला -जे देता, त्या मेक -जे पुढे आकडा द्यायला विसरू नका, आकडा नसला की एकावेळी किती कंपायलर सुरू करायचे याला लिमिटच राहत नाही, रॅम संपते आणि मधेच नुसतं 'किल्ड' येतं.

सुडो पिप, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने पायथनची पॅकेजेस टाकणं, तर नकोच. डेबियन १२ पासून पिप स्वतःच 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडवतं, तिथे ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावून पुढे ढकलू नका, व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट) बनवा.

रूट टाकून झाल्यावर धिसरूट डॉट एसएच ही स्क्रिप्ट सोर्स करावी लागते, म्हणजे सोर्स कमांडने चालू शेलमध्येच चालवावी लागते. नुसती रन केली तर ती वेगळ्या शेलमध्ये चालते आणि व्हेरिएबल्स तिच्याबरोबरच जातात, मग 'कमांड नॉट फाउंड'. कोंडावाल्या रूटला मात्र ही स्क्रिप्ट लावायची नाही, एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केलं की झालं. सर्व्हरवर ग्राफची विंडो उघडत नसेल तर एसएसएच -एक्स ने (विंडो तुमच्या स्क्रीनवर आणणारा पर्याय) लॉगिन करा, किंवा रूट -बी ने (विंडोशिवाय) चालवून ग्राफ थेट पीडीएफमध्ये सेव्ह करा.