स्टोमाचं ऑपरेशन होऊन पेशंट घरी आला की पहिले काही आठवडे काय करायचं

डिस्चार्ज मिळाला की घरातलं कोणीतरी एक जण स्टोमावर, म्हणजे शौच बाहेर यायला पोटावर केलेल्या तोंडावर, लावलेल्या बॅगचं सगळंच स्वतःकडे घेतं, प्रेमानेच घेतं, पण माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या आठवड्यापासून पेशंटचा हात त्यात हवाच. सासऱ्यांसाठी आम्ही बाथरूममध्ये कमरेच्या उंचीला आरसा लावला, आधी नुसती क्लिप लावणं त्यांच्याकडे, मग बॅग रिकामी करणं, मग फ्लँज, म्हणजे बॅग धरून ठेवणारी, कातडीला चिकटणारी चकती, बदलणं. आणि बदलताना नाकाला पदर लावू नका हो, पेशंट तुमच्या तोंडाकडेच बघत असतो.

बदलायची वेळ सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा बॅगेत कमी येतं. जुना फ्लँज ओढू नका, ओल्या कपड्याने कातडी दाबत दाबत सोडवा. नुसतं कोमट पाणी पुरतं, डेटॉल, तेल, अंगाची पावडर काहीच नको, नाहीतर नवीन चिकटत नाही. पुसताना थेंबभर रक्त दिसलं तर घाबरू नका, स्टोमा लालच असतो आणि हात लावला तरी दुखत नाही. फ्लँजचं भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं कापा, पहिले 6-8 आठवडे सूज उतरत जाते म्हणून दरवेळी नवीन माप घ्या, जुन्या मापाने कापलं की कातडी उघडी पडते आणि आग आग होते. चिकटवल्यावर तळहात काही मिनिटं दाबून ठेवा, उबेने छान बसतं. तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की बॅग रिकामी करायची.

मिसळ कायमची बंद नाही, पण सुरुवातीला मटकी, कोबी, कांदा यांनी गॅस होऊन बॅग फुगते, एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघा. इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) असेल तर द्राक्षं सालासकट, मका, शेंगदाणे जपून, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाणी फार पटकन कमी होतं, घरात ओआरएस असू द्या. स्टोमा काळा-जांभळा दिसला, किंवा बॅगेत काहीच येत नाही आणि पोट दुखून उलट्या होताहेत, तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल.

सिलेंडर, पाण्याची बादली डॉक्टर हो म्हणेपर्यंत उचलायची नाही, हर्निया होतो. चालणं मात्र रोज, आमच्या नाशिकच्या कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी गर्दी व्हायच्या आत. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला फॉलोअपला जाताना आधीच कापलेला फ्लँज, जास्तीची बॅग, टिश्यू, काळी पिशवी हातातल्या पर्समध्येच ठेवा, आणि सामान उन्हात गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका, गोंद खराब होतो.