ट्रेनिंगच्या दिवसांचा पगार कसा मागायचा : बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कामगारांसाठी

उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या कारखान्यात नवा माणूस लागला की पहिला आठवडा ‘ट्रेनिंग’मध्ये जातो, आणि महिन्याच्या पगारातून नेमके तेवढेच दिवस गायब असतात. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘तेव्हा तू कुठे काम करत होतास?’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ट्रेनिंगच्या पगारासाठी वेगळे कलम नाही, आणि त्याची गरजही नाही. तुम्ही कर्मचारी असाल आणि मालकाने सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी बसलात, तर तो दिवस हजेरीचाच. रोजंदारीवरच्या माणसाला मालक काम देऊ शकला नाही, तरी दिवसभराची मजुरी चुकत नाही.

म्हणून सगळा वाद एकाच प्रश्नावर येतो: त्या दिवशी तुम्ही कर्मचारी होता का? ‘ट्रेनी’ या नुसत्या शिक्क्याने काही ठरत नाही. खरा अपवाद अ‍ॅप्रेंटिसचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार नोंदवलेला असेल, तर पगार नाही, विद्यावेतन मिळते. 2019 च्या दुरुस्तीत ते शिक्षणाप्रमाणे महिना किमान 5,000 ते 9,000 रुपये ठरले, आणि पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मिळायला हवे. अ‍ॅप्रेंटिसला सरकारने नेमलेल्या अ‍ॅप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा वेळ थांबवता येत नाही. एचआरला करार नोंदणीचा क्रमांक मागा. देता येत नसेल, तर बहुतेक वेळा नोंदणीच झालेली नसते. मग किमान वेतनाची मागणी करायला वाट मोकळी आहे. नोकरीची हमी नसलेला, स्वतः फी भरून केलेला कोर्स मात्र यात बसत नाही.

पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा, कारण वर्गाच्या हजेरीचा कागद नंतर सापडत नाही. नेमणूकपत्र मागा, ते देणे आता मालकाला बंधनकारक आहे. ‘उद्या नऊला ट्रेनिंग हॉलमध्ये या’ हा सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, ग्रुपमधून काढले तरी राहील असा स्क्रीनशॉट घ्या. वहीत रोज तारीख, आत गेल्याची व सुटल्याची वेळ आणि शिकवणाऱ्याचे नाव लिहा. ईएसआय आणि पीएफची नोंद कोणत्या तारखेपासून आहे तेही पाहा. ती ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसाची निघाली, तर नोकरी तेव्हाच सुरू झाल्याची कबुली कंपनीनेच दिली आहे.

आता हिशेब. समजा पगार महिना 15,600 ठरला. 26 ने भागले की दिवसाचे 600, तासाचे 75. सहा दिवस वर्गात बसवले त्याचे 3,600. शिवाय शिफ्ट सुटल्यावर दोन-दोन तास चारदा सेफ्टीच्या वर्गाला थांबवले: आठ तास, जादा वेळेच्या दुप्पट दराने तासाला 150, म्हणजे 1,200. मागणी 4,800 ची.

दर कुठला धरायचा, इथे सीमाभागात घोटाळा होतो. घर कुठे आहे ते बघू नका, काम कुठे आहे ते बघा. निपाणीहून कागलच्या एमआयडीसीत किंवा बेळगावातून शिनोळीला जाणाऱ्याला महाराष्ट्राचे किमान वेतन लागू, तक्रारही कोल्हापूरच्या कामगार कार्यालयात. चंदगडहून उद्यमबागेत येणाऱ्याला कर्नाटकाचे. कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता दरवर्षी 1 एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत. जुना तक्ता धरून मागणी केली तर आपलेच पैसे कमी होतात.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत यायला हवा. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर कामाच्या दोन दिवसांत. ‘ट्रेनिंगचा खर्च’ म्हणून पगार कापता येत नाही. परवानगी असलेल्या कपातींच्या यादीत तो नाही. बॉण्डचे, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या लेखी कबुलीचे, गणित वेगळे. तो सरसकट बेकायदा नसतो, पण मालकाला वाजवी नुकसानभरपाईच मागता येते, तीही दावा लावून. कमावलेला पगार अडवून नव्हे. कन्नड किंवा इंग्रजी बॉण्ड समजला नसेल तर सही करण्याआधी वाचून घ्या, आणि मूळ मार्कशीट कुणाच्या ताब्यात देऊ नका.

आधी एचआरला तारखा आणि रक्कम लिहून अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर बेळगावच्या सहायक कामगार आयुक्तांकडे जा. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणे मराठीतही देता येते. तरी कन्नड प्रत जोडा, नाहीतर भाषांतराच्या नावाखाली कागद टेबलावर पडून राहतो. दाव्याची मुदत तीन वर्षे. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, आणि अधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. एकाच बॅचच्या सगळ्यांचा मिळून एक अर्ज चालतो. तसाच करा, कारण एकट्यादुकट्याला बोलावून दम देणे सोपे असते. कॉन्ट्रॅक्टरकडून लागला असाल तर अर्जात त्याच्याबरोबर कंपनीचेही नाव घाला. कॉन्ट्रॅक्टर पळाला, तर पैसे तिच्याकडून वसूल करता येतात.