टूलरूममधून आयटीआयत: उशिरा सापडलेली मास्तरकी

शिक्षक व्हायचं माझ्या कधी डोक्यातही नव्हतं. भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून लागलो आणि डाय (साचे), जिग-फिक्श्चर (काम पकडून ठेवायची साधनं) यांत उमेदीची वर्षं गेली. व्हीएमसी आणि वायरकट ही संगणकावर चालणारी यंत्रं आल्यावर हाताने बसवायची कामं आटली, तेव्हा साहेबांनी अप्रेंटिस पोरं माझ्या गळ्यात मारली. १९६१ च्या कायद्यामुळे कंपनीला अप्रेंटिस घ्यावे लागतात, पण त्यांच्याकडे बघायला वेळ कुणाला? बऱ्याच ठिकाणी त्यांचं वर्ष शॉप झाडण्यात जातं. माझ्याकडे काम कमी होतं, म्हणून शिकवत बसलो. मग सकाळी गेटवर पंचिंग करतानाच आज कुणाला कोणता जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, द्यायचा हे डोक्यात घोळायला लागलं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर आयटीआयत निदेशक, म्हणजे मास्तर, झालो. शॉपफ्लोअरवरचे माझ्या वयाचे लोक विचारतात, "आपल्याला जमेल का हो?" म्हणून हे लिहितोय.

हात बसलेला माणूस आपण काय करतो ते विसरून गेलेला असतो, आणि शिकवताना नेमकं तेच लागतं. फायलिंगचं, म्हणजे कानशीने धातू घासण्याचं, घ्या. फिटर ट्रेडची सुरुवात त्यानेच होते आणि पोरं त्यालाच सगळ्यात जास्त वैतागतात. नव्या पोराचा जॉब मध्ये फुगतो, कडा उतरतात. "सरळ मार रे" असं ओरडून तो सरळ होत नाही. फाइल पुढे जाते तसा टोकावरच्या हाताचा दाब कमी होत जायला हवा आणि मुठीवरचा वाढत जायला हवा; मधोमध दोन्ही सारखे. मागे आणताना दाब सोडायचा, कारण दाते पुढे जातानाच कापतात. हे हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं. जॉब आवळून धरणाऱ्या व्हाइसचंही तसंच. त्याची उंची कोपराएवढी हवी, म्हणून बुटक्या पोराच्या पायाखाली फळी सरकवतो. पुष्कळदा तेवढ्यानेच फुगवटा कमी होतो आणि ओरडा वाचतो.

एका बॅचला एक डावखुरा पोरगा आला. उजव्या हाताच्या पोरांना मी शेजारी उभं करून दाखवतो. त्याला समोर उभं केलं, म्हणजे आरशात बघितल्यासारखं दिसेल. तरी दाब कुठे बदलायचा हे नुसतं बघून कळत नाही. मग मीच डाव्या हाताने फाइल धरली. माझा जॉब असा काही फुगला की अख्खी बॅच गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून फटीतला उजेड बघायला जमली. पोटभर हसले लेकाचे! पण त्या दिवसापासून अडलेलं विचारायला कुणी लाजलं नाही.

व्हर्नियर या मापाच्या साधनाचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२ मिमी, हे पोरं पाठ करून येतात. का, असं विचारलं की गप्प. मी पुठ्ठ्याचं मोठं व्हर्नियर केलंय, मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर धरून: मुख्य पट्टीवरच्या ४९ सेंटिमीटरमध्ये सरकपट्टीचे ५० भाग. एक भाग ०.९८ चा, फरक ०.०२ चा. लांबूनही दिसतं, आणि सरकवायला पोरांची झुंबड उडते.

आता कागदपत्रं. निदेशकासाठी सीआयटीएस नावाचा, शिकवायचं कसं ते शिकवणारा एक वर्षाचा कोर्स असतो, प्रवेश परीक्षा देऊन मिळतो. मुंबईत चुनाभट्टीला तो शिकवणारी एनएसटीआय ही सरकारी संस्था आहे. वर्ष पूर्णवेळ जातं, तेव्हा पगाराचं काय करायचं ते घरी आधी बोलून घ्या. तिथे पाठ टाचण चार टप्प्यांत लिहायला लावतात: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. अनुभवी माणसाला ते पोरखेळ वाटतं. तरी मुकाट्याने लिहा. आपल्यासारखे लोक तयारी ओलांडून थेट करून दाखवायला घेतात, आणि पाच मिनिटांत मागची रांग मोबाइलमध्ये जाते.

पैशाबद्दल गोड बोलणार नाही. सरकारी भरतीला वयोमर्यादा असते, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला बहुधा खासगी आयटीआय नाहीतर तासिका तत्त्व. तास घेतला तर पैसे, सुट्ट्या कोरड्या. कर्जाचे हप्ते चालू असतील तर थांबा. "निवृत्तीनंतर आरामाची नोकरी" म्हणून यायचं असेल तर मुळीच येऊ नका. फिटरच्या एका तुकडीत वीस पोरं असतात, सगळ्यांच्या हातात धारदार काहीतरी असतं, आणि तुम्ही पाठ वळवली की कुणीतरी गॉगल काढतोच. वर हजेरी, जर्नल तपासणी, हत्यारांचा हिशोब.

यातली कितीतरी पोरं पहाटेच्या एसटीने येतात आणि दहावीच्या मार्कांवरून टोमणे खाऊन आलेली असतात. त्यांना आपली "आमच्या वेळी" नको असते. जॉब कुठे चुकला ते बोटाने दाखवणारा कुणी हवा असतो.

अजून कंपनीत असाल तर राजीनाम्याआधी एवढं करा. एक अप्रेंटिस मागून घ्या आणि त्याला टॅपिंग, म्हणजे टॅप नावाच्या हत्याराने भोकात आटे पाडणं, शिकवा. तो टॅप मोडणारच. त्या क्षणी टॅपच्या किमतीने डोकं तापतं, की टॅप तिरका कुठून गेला हे बघायला आपण खाली वाकतो, त्याकडे लक्ष ठेवा. खाली वाकलात, तर सीआयटीएसच्या पुढच्या प्रवेशाची जाहिरात शोधायला लागा.