फूटपाथवर पडलात? पालिकेविरुद्धच्या दाव्यात या चुका टाळा

उखडलेला पेव्हर ब्लॉक, शेवाळलेली पायरी, झाकण नसलेलं चेंबर. माणूस पडतो, हाड मोडतं आणि घरचे म्हणतात, "जाऊ दे, सरकारशी कोण भांडणार?" भांडता येतं. पण दावा बिघडतो तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की मी पडलो, मला लागलं, म्हणजे पालिका दोषी. कोर्ट एवढ्यावर थांबत नाही. तो धोका पालिकेला ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता, दुरुस्तीला पुरेसा वेळ होता, तरी काही केलं नाही आणि त्यामुळेच तुम्हाला इजा झाली, हे दाखवावं लागतं. तासाभरापूर्वी कुणाचं तेल सांडलं असेल तर पालिकेला धरणं अवघड आहे. तेच झाकण महिनाभर गायब असेल तर पालिकेला उत्तर द्यावंच लागेल.

दिल्लीच्या चांदनी चौकातला पालिकेचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा १९६६ साली सुप्रीम कोर्टाने ती घटनाच निष्काळजीपणाचा पुरावा मानली. पण तो मनोरा ८० वर्षांचा होता आणि पूर्णपणे पालिकेच्या ताब्यात होता. ओल्या फूटपाथसाठी त्या निकालावर विसंबू नका.

म्हणून जुन्या तक्रारी शोधा. लोक एक्स-रे जपून ठेवतात, पण त्याच जागेबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का, हे विचारत नाहीत. समोरच्या दुकानदाराला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. वॉर्ड ऑफिसच्या आवक शिक्क्याचं एक जुनं पत्र मिळालं, तर "आम्हाला माहीतच नव्हतं" हा बचाव तिथेच कोसळतो. सोबत माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवस. "रस्ता खराब का आहे?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. त्या जागेच्या वर्षभरातल्या तक्रारी, दुरुस्तीच्या नोंदी, कंत्राटदाराला काम दिल्याचा आदेश (कार्यादेश) आणि काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करून देण्याची मुदत (दोषदायित्व कालावधी) यांच्या प्रती मागा.

आठवड्याने काढलेला, बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो काही सांगत नाही. स्वतःला जमत नसेल तर त्याच दिवशी कुणाला तरी पाठवा. एक फोटो जवळून काढायचा, शेजारी टेप धरून, ब्लॉक किती सेंटिमीटर वर आलाय ते वाचता येईल असा. दुसरा लांबून, ती जागा आणि दुकानाची पाटी एकाच चौकटीत येईल असा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. कोर्टात फोटो देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत त्रास देते. सीसीटीव्हीवर थोड्या दिवसांत नवीन चित्रण चढतं. फुटेज राखून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या.

दवाखान्यातली चूक तर फार जिवाला लागते. दुखण्यात माणूस नुसतं "पाय घसरला" म्हणतो आणि केस पेपरवर तेवढंच उतरतं. पुढे पालिकेचा वकील विचारतो, घरी पडला नाहीत कशावरून? कुठे, कशामुळे, किती वाजता हे डॉक्टरांना सांगा आणि लिहिलंय का ते वाचून पाहा. पोलीस ठाण्यातही नोंद करा.

मुदत चुकली तर चांगला पुरावाही नुसता हातात पडून राहतो. मुंबईसाठी १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ५२७ आणि राज्यातल्या इतर महापालिकांसाठी १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याचं कलम ४८७ सांगतं: आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. "तीन वर्षं असतात ना?" या भरवशावर थांबू नका. राज्य सरकारचा रस्ता असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे नोटीस दोन महिन्यांची. त्यामुळे रस्ता पालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे पहिल्या आठवड्यातच लेखी विचारा. चुकीच्या दारात नोटीस गेली की महिने फुकट जातात.

खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल तर एक जवळचा रस्ता आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावा पाहते. निसरड्या फरशीला किंवा तुटक्या पायरीला मात्र हा आदेश आपोआप लागू होत नाही. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो.

आणि त्या दिवशीची चप्पल टाकून देऊ नका. "तळ झिजला होता, मोबाइल बघत चालला होता" असं म्हणून भरपाई कमी करायचा प्रयत्न होतोच. ती चप्पल न धुता पिशवीत घालून ठेवा.