अकरावीची पहिली चाचणी आणि ‘अपने से नी होगा’

इंदूरच्या सरकारी हिंदी शाळेतून दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावीला गणित-भौतिकशास्त्र घेते. पहिल्या चाचणीत 40 पैकी 11 पडतात आणि ती म्हणते, ‘सर, अपने से नी होगा’, म्हणजे माझ्याच्याने नाही होणार. नव्याने शिकवायला येणाऱ्यांनी हा आळस समजू नये. ‘मी या वर्गातली नाही’ असं ती सांगत असते. ‘तू हुशार आहेस’ म्हणून भागत नाही. पुढच्या पेपरात ते खोटं पडतं. ‘मेहनत कर’ हे तर फारच वाईट, कारण रोज चार तास घोकून तिने तेच केलेलं असतं.

पेपर घेऊन शेजारी बसा. प्रत्येक गुण कशामुळे गेला ते समासात लिहा: भाषा, पाया, हिशेब की वेळ. भाषेचा वाटा पुष्कळ निघतो. हिंदीतले त्वरण, संवेग पक्के असतात. त्यांचीच इंग्रजी नावं, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, आली की गाडी अडते. वहीच्या शेवटच्या पानावर रोज पाच शब्द लिहायला लावा. जेईई मेन हिंदीतूनही देता येते, हे आधीच सांगून ठेवा.

पायाची चूक वेगळी. उतारावरच्या ठोकळ्याचं गणित घ्या. उताराच्या दिशेने वजनाचा साइन घटक हवा, तिथे मुलं कॉस लिहितात, कारण आकृती न काढता सूत्र आठवत बसतात. उत्तर सांगू नका. आठ-दहा मिनिटं झगडू द्या, मग विचारा: ‘उतार शून्य अंश केला तर?’ कॉस शून्य म्हणजे 1, म्हणजे सपाट टेबलावरचा ठोकळाही घसरायला हवा! शाबासकी इथे द्यायची, तीही नेमकी: ‘शून्य अंशावर तपासलंस म्हणून चूक सापडली.’

आठवड्याने त्याच प्रकारचे पाच प्रश्न आकडे बदलून द्या आणि जमले तर गेलेले निम्मे गुण परत करा. ही फेरी गाळली की नुसत्या बोलण्यावर मुलांचा विश्वास राहत नाही.

अमेरिकेतल्या 65 शाळांमधल्या नववीच्या 12,000 वर मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बुद्धी सरावाने वाढते’ हे शिकवणारा तासाभराहून छोटा पाठ होता. मागे पडलेल्यांच्या गुणांची सरासरी 4 पर्यंतच्या मापावर जेमतेम 0.1 ने वाढली. सोबतची मुलं अवघड काम अंगावर घेणारी होती तिथे परिणाम जास्त दिसला. म्हणून अशा मुलीला एकटी बसवू नका, चौघांच्या गटात बसवा.

संध्याकाळी ती घरच्या दुकानावर बसत असेल तर दहा गणितं देऊ नका. तीनच द्या, पण त्यातलं एक खरोखर अवघड असू द्या.