बाळाची बोटं जुळलेली असतील तर

मधलं बोट आणि अनामिका एकाच कातडीत दिसली, की घरात ग्रहणाचा विषय निघतोच. आईने काही चिरलं होतं का, हात दुमडून बसली होती का. ते तिथेच थांबवा. गर्भाचा हात सुरुवातीला वल्ह्यासारखा सपाट असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यात मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. हे काम अर्धवट राहिलं, की बोटं जुळलेली राहतात. साधारण २ ते ३ हजार बाळांत एकाला असं होतं.

दोरा बांधून किंवा कापून घरी सोडवायला अजिबात जाऊ नका. त्या पडद्यातून दोन्ही बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात.

आधी नीट बघा. जोड टोकापर्यंत आहे की मध्येच थांबतो? नखं दोन आहेत की एकच? मग कपडे काढून पाय, छाती आणि डोकं पाहा. एका बाजूची छाती सपाट असेल तर तिथला स्नायू कमी असू शकतो. दोन्ही हातपायांची बोटं जुळलेली, कपाळ उंच, डोळे पुढे आलेले असतील तर एपर्ट सिंड्रोमची शंका घ्यावी. त्यात कवटीचे सांधे वेळेआधी बंद होतात, म्हणून बोटांआधी डोकं आणि श्वास तपासला जातो. एपर्टमधला जनुकीय दोष बहुतेक वेळा नव्यानेच उद्भवलेला असतो, आईवडिलांत नसतो.

मुंबईत केईएम, सायन, नायर इथल्या प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी विचारा. मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वीच लागते.

तारीख कुठली बोटं जुळली आहेत यावर ठरते. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी असेल तर सहा महिन्यांच्या आसपास, कारण लांबी वेगळी असल्याने लहान बोट मोठ्याला वाकवत नेतं. मधलं आणि अनामिका साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत थांबू शकतात. तीन बोटं एकत्र असतील तर दोन शस्त्रक्रिया, मध्ये काही महिन्यांचं अंतर. एकाच बोटाच्या दोन्ही बाजू एका वेळी उघडल्या तर त्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. 'एकदाच उरकून टाका' असा आग्रह धरू नका.

सुट्या केलेल्या बोटांवर जांघेतली कातडी लावतात. ती कशाला, असं सगळेच विचारतात. दोन पेन्सिली एकत्र धरून दोरा गुंडाळा, मग वेगवेगळ्या गुंडाळा. दुसऱ्यांदा दोरा जवळपास सव्वापट लागतो. तेवढी कातडी बाहेरून आणावी लागते. चीर नागमोडी असते. सरळ व्रण आखडला की बोट वाकतं. लावलेली कातडी पुढे काळसर दिसते, हे आधीच माहीत असू द्या.

भुलीसाठी उपाशीपोटी म्हणजे वरचं दूध किंवा खाणं सहा तास, आईचं दूध चार तास आधी बंद. पाण्याचं डॉक्टर सांगतील तसं. बदलापूरहून पहाटेच्या लोकलने निघालेल्या बाळाला कुणी बिस्कीट भरवलं, की त्या दिवसाची शस्त्रक्रिया गेलीच. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकलतात.

प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत, हात काटकोनात ठेवून घालतात. छोटं प्लास्टर बाळ झटक्यात ओढून काढतं. ते साधारण दोन ते तीन आठवडे राहतं. पावसाळ्यात बाहेर पडताना प्लास्टिकची पिशवी चढवा, घरी आल्यावर लगेच काढा, नाहीतर आत घामाने ओल साचते. बोटांची टोकं दिसत असतील तर नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. टोकं निळी किंवा गार, घाण वास, ताप, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

जखम पूर्ण भरल्यावर खरा कंटाळवाणा भाग सुरू होतो. बोटांमधल्या खाचेत खोबरेल लावून दिवसातून तीन-चारदा, दरवेळी पाच मिनिटं, खाच मनगटाकडे दाबत चोळायचं, तेही कित्येक महिने. याचा आळस बऱ्याच घरी होतो. एवढं करूनही वाढीबरोबर खाच हळूहळू बोटांच्या टोकांकडे सरकू शकते. तसं झालं तर पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते.

पायाचं दुसरं आणि तिसरं बोट जुळलं असेल तर सहसा तसंच ठेवतात. चालण्यात काही अडत नाही, उलट व्रणच चप्पल-बुटात टोचतो. अंगठा मोकळा असला तर अंगठ्याची चप्पलही बसते.